व्हेनिसमधला शेवटचा दिवस: मासा मागवण्याआधी वजन विचारा

व्हेनिसला जाणाऱ्या मासेखाऊ माणसाने एक गोष्ट पाठ करूनच जावी. मेनूकार्डवर अख्ख्या माशापुढे छापलेली किंमत बहुतेक वेळा माशाची नसते, शंभर ग्रॅमची असते. शेजारी बारीक टायपात 'एत्तो' असं किंवा रोमन लिपीतली एच-जी ही दोन अक्षरं असतात. वेटर आपणहून हे सांगत नाही. आम्हाला तर नाहीच सांगितलं.

रिआल्टो पुलाजवळ, ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्याच्या काठावरचं रेस्टॉरंट. दारातल्या पाटीवर भाजलेला ब्रान्झीनो, म्हणजे युरोपातला सी बास, 8 युरो. नवरा मालवणचा, माशाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय तो बाजारात पैसे काढत नाही. इथेही वेटरने कच्चा मासा ताटात घालून आणून दाखवला. डोळे चकचकीत, मासा ताजा, नवरा खूश. वेटर म्हणाला, 'एका माणसाला अगदी बरोबर.' वजनाचा उच्चारही नाही.

बिल आलं ते असं: मासा 800 ग्रॅम, 64 युरो. माझा टोमॅटोचा साधा पास्ता 15. अर्धा लिटर हाउस वाइन 12, पाण्याची बाटली 5. या सगळ्यावर 12 टक्के सेवाशुल्क, साडेअकरा युरो. शिवाय 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचे आणि पावाचे, माणशी 4. एकूण 115 युरो 52 सेंट. रुपयांत साडेअकरा हजार! त्यात मी शाकाहारी, म्हणजे चौसष्ट युरोंचा मासा एकट्या नवऱ्याने खाल्लेला. मासा उत्तम होता, हे तो आजही सांगतो. म्हणून तर मला जास्त राग येतो. चांगला माल असलेल्या माणसाला भाव लपवायची गरज काय?

वेटरने शांतपणे मेनूच्या तळाची ओळ दाखवली. भाव, कोपेर्तो, सेवाशुल्क हे सगळं मेनूवर छापलेलं असेल तर नंतर भांडून काही हाती लागत नाही. 2018 साली याच शहरात चार जपानी विद्यार्थ्यांना स्टेक आणि तळलेल्या माशांचं 1,100 युरोंहून जास्त बिल लावलं होतं. त्याची जगभर बातमी झाली, तपासणी झाली, दंड झाला. पण प्रत्येक टेबलामागे बातमी होत नाही. तेव्हा मासा भट्टीवर जाण्याआधी दोन प्रश्न विचाराच. 'क्वांतो पेझा?' वजन किती? आणि 'क्वांतो कोस्ता इन तुत्तो?' एकूण किती होणार? आकडा कागदावर लिहून घ्या. वेटरने टाळाटाळ केली तर उठा, पाव खाल्ला नसेल तर निःसंकोच उठा. सेवाशुल्क लावलेलं असेल तर वर टिप अजिबात ठेवू नका. आणि रिआल्टो किंवा सान मार्को चौकाच्या आसपास, फोटोंचे मेनू लावून दारात माणूस उभा असेल तिथे अख्खा मासा खाऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

चीड यायचं आणखी एक कारण म्हणजे त्याच सकाळी आम्ही रिआल्टोच्या मासळीबाजारात फिरलो होतो. तिथे प्रत्येक माशावर किलोचा भाव ठळक अक्षरांत लावलेला. बाजार सकाळीच गाठा, दुपारपर्यंत आवरतो. रविवार-सोमवार मासळी बंद. बाजाराजवळून समोरच्या सांता सोफियाला 'त्रागेत्तो' जाते. ही गोंडोलासारखीच वल्ह्यांची नाव, परक्यांना 2 युरोंत कालवा पार करून देते. गोंडोलाच्या अर्ध्या तासाचा अधिकृत दर दिवसा 90 युरो आहे. पाण्यावर बसल्याचं समाधानच हवं असेल तर त्रागेत्तो पुरे.

बाजार आणि त्या जेवणाच्या मधला वेळ सान जोर्जो माज्जोरे बेटावर गेला आणि छान गेला. चर्चमध्ये चित्रकार तिंतोरेत्तोचं 'शेवटचं भोजन' हे चित्र बघा, मग लिफ्टने घंटाघरावर जा. सान मार्कोच्या मनोऱ्यावरून दिसतं त्याहून हे दृश्य सरस, कारण इथून खुद्द सान मार्कोच समोर दिसतो, आणि रांग फारच लहान असते. व्हापोरेत्तोचं, म्हणजे इथल्या सार्वजनिक बोटीचं, साधं तिकीट 9.50 युरो, 75 मिनिटांचं. चढण्याआधी मशीनला लावायला विसरू नका, नाहीतर दंड.

दुपारच्या बिलानंतर नवरा म्हणाला, आता हॉटेलवर जाऊ. मी ओढतच त्याला कान्नारेजो भागात नेलं, फोंदामेंता देल्ला मिझेरिकोर्दिया या कालव्याकाठच्या रस्त्यावर, आणि दिवस वाचला. तिथल्या 'बाकारो'त, म्हणजे छोट्या वाइनच्या गुत्त्यांत, काउंटरवर चिकेत्ती मांडलेली असतात. पावाच्या किंवा पोलेंताच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या लगद्याच्या, तुकड्यावर काहीबाही चविष्ट, एकेक साधारण 2 युरोंना. बोट दाखवायचं, उभ्याने खायचं, कोपेर्तो नाही, सेवाशुल्क नाही. 'सार्दे इन साओर' म्हणजे तळलेली तारली, व्हिनेगरमधल्या कांद्यात मुरवलेली, वर मनुका आणि पाइन नट. नवऱ्याने परत परत मागवली. 'बाकाला मांतेकातो' हा वाळवलेला कॉड फेटून लोण्यासारखा केलेला. माझ्यासाठी आर्टिचोकचे तळ, चीज, भाजलेल्या भाज्या. शाकाहाऱ्यांनी एवढी काळजी घ्यावी: तळलेल्या मोत्झारेल्ला सँडविचमध्ये बऱ्याचदा अँचोव्ही हे छोटे खारवलेले मासे किंवा हॅम असतं, विचारूनच घ्या. वाइनचे छोटे ग्लास आणि स्प्रिट्झ हे वाइनचं कॉकटेल धरूनसुद्धा दोघांचं पोटभर जेवण दुपारच्या माशाच्या निम्म्यात झालं. व्हेनिसमध्ये टेबलावर बसून जेवायची गरज नाही, हे मी आता ठामपणे सांगेन.

सामानाचं मात्र सकाळीच बघा. या शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळपास प्रत्येकाला पायऱ्या. चाकांच्या बॅगा उचलूनच न्याव्या लागतात. हॉटेल आत गल्लीत असेल तर गर्दी व्हायच्या आधी बॅगा सांता लुचिया स्टेशनच्या लगेज काउंटरवर टाका. विमानतळाची बस प्याझ्झाले रोमाहून सुटते. स्टेशनवरून तिथे जाताना कालात्रावा या वास्तुकाराचा 2008 सालचा पूल लागतो. त्याच्या काचेच्या पायऱ्यांवरून इतके लोक घसरले की नगरपालिकेला तिथे दगड बसवायचं ठरवावं लागलं. पायऱ्यांची रुंदीही सारखी नाही, पाऊल चुकतं. मोठी बॅग असेल तर दोघांनी दोन बाजूंनी धरा, आणि बसच्या वेळेआधी अर्धा तास हाताशी ठेवा.