ऑइल खाली टपकतं, गळती वर असते

जुन्या गाडीखाली काळा डाग दिसला की पहिला संशय चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) पॅकिंगवर जातो. पॅकिंग बदललं जातं आणि पुढच्या आठवड्यात डाग परत हजर. चेंबर हा इंजिनचा सगळ्यात खालचा भाग, त्यामुळे वरून कुठूनही निघालेलं ऑइल ओघळत येऊन त्याच्याच कडेवर साचतं आणि ड्रेन बोल्टच्या टोकावरून पडतं. त्यात गाडी धावताना खालून जाणारा वारा ते मागे पसरवतो. म्हणून टपकण्याची जागा महत्त्वाची नाही. ओल्या झालेल्या भागांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू कोणता, ते शोधायचं.

त्याआधी खाली पडतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, याची खात्री करा. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखा, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाच्या खाली आहे ते कळेल. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं. गिअर ऑइल जास्त दाट, आणि त्याचा गंधकासारखा उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आणि बऱ्याच पॉवर स्टीअरिंगचं ऑइल लालसर असतं. कूलंट पाण्यासारखं पातळ, रंगीत आणि वासाला गोडसर. ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं आणि बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलजवळ सापडतं. ते दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी तेच दुरुस्त करा, तोवर गाडी चालवू नका.

डागाच्या आकारावरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. थोडंसं ऑइलही जमिनीवर पसरून भलं मोठं दिसतं. खरा हिशेब डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी बघा आणि दर 500 किलोमीटरला नोंद ठेवा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये सुमारे 1 लिटरचं अंतर असतं. पातळी झपाट्याने उतरते पण जमीन कोरडीच, असं असेल तर इंजिन ऑइल जाळतंय किंवा चालत्या गाडीतून उडतंय. ऑइल एक्झॉस्टवर पडून जळका वास किंवा धूर येत असेल, तर मात्र थेंब मोजत बसू नका. त्यात आगीचा धोका आहे.

मळकट इंजिनवर गळती शोधता येत नाही. वर्षानुवर्षांची माती आणि ऑइल मिसळून झालेला थर सगळीकडे सारखाच ओला दिसतो. इंजिन थंड असताना डिग्रीजर मारा, ब्रशने घासा, दहा-पंधरा मिनिटांनी धुवा. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, इग्निशन कॉइल आणि हवेच्या फिल्टरचं तोंड आधी प्लास्टिकने बांधून घ्या. पेट्रोलने धुण्याचा शॉर्टकट नको. पूर्ण वाळल्यावर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि टॉर्चने वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची पहिली रेघ लगेच उठून दिसते. काही गळती फक्त गाडी धावताना होते, म्हणून दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारून पुन्हा बघा. तरीही पत्ता लागत नसेल तर ऑइलमध्ये घालायचा, यूव्ही (अतिनील) प्रकाशात चमकणारा डाय मिळतो; बाटलीवरच्या मापाने घाला, थोडी गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा.

खाली शिरायचं असेल तर गाडी फक्त जॅकवर ठेवून कधीही नाही. सपाट कठीण जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण्या आणि गाडीच्या ठरलेल्या पॉइंटखाली दोन स्टँड. विटा किंवा दगड चालत नाहीत, ते वजनाने अचानक फुटतात.

सील बदलण्याआधी ब्रीदर

ब्रीदर म्हणजे इंजिनच्या आत साचणारा गॅस बाहेर काढणारी वाट. ती तपासण्याची पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि तेच सील पुन्हा पुन्हा गळण्याचं हे मोठं कारण आहे. पिस्टन रिंगमधून थोडा गॅस नेहमीच क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) निसटतो. पेट्रोल गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह तो ओढून पुन्हा इनटेकमध्ये पाठवतो. व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप गाळाने तुंबला की आत दाब साचतो, आणि जे सील सगळ्यात कमकुवत असेल तिथून ऑइल बाहेर पडतं. तुम्ही ते बदललं की दाब पुढचं कमकुवत सील शोधतो. प्रेशर कुकरची शिट्टी अडकलेली असताना गास्केट बदलत बसण्यासारखं आहे हे.

तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ कागद ठेवा. ब्रीदर नीट चालत असेल तर कागद हलकेच आत ओढला जातो किंवा निदान तिथेच राहतो. फकफक करत उडत असेल तर दाब आहे. (जुन्या डिझेल इंजिनला ही परीक्षा तशीच लावू नका; तिथे थोडी फुंकर चालते, जोराची नाही.) मग पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा. बहुतेक व्हॉल्व्ह आतून खडखड वाजतात. वाजलाच नाही तर जाम आहे. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडाला अंगठा लावला तर ओढ जाणवली पाहिजे. पाइपही बघा: कडक झालेला, चिरलेला, किंवा बाहेरून चांगला दिसणारा पण आतून चिकटलेला. कार्ब क्लीनरने व्हॉल्व्ह साफ होतो, पण तो इतका स्वस्त असतो की नवाच घालावा. डिपस्टिक आपोआप नळीतून वर उचलली जाणं आणि हवेच्या फिल्टरच्या डब्यात ऑइल सापडणं ही याच दुखण्याची लक्षणं आहेत.

ब्रीदर मोकळा असूनही दाब आहे, तर रिंग झिजल्या आहेत. तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घ्या. अशा इंजिनवर कुठलंच नवं सील फार दिवस टिकत नाही. आणि एक साधी गोष्ट: ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर आधी जास्तीचं काढा.

स्वस्त संशयित

ऑइल प्रेशर स्विच हा गुन्हेगार अनेकदा सुटतो, कारण तो बहुधा फिल्टरच्या आसपास असतो आणि दोष फिल्टरवर जातो. कनेक्टर काढा. आत ऑइल असेल तर स्विच आतून फुटलाय. घट्ट करून काही होणार नाही, बदला. एका वायरचा स्विच आट्यांमधूनच अर्थिंग घेतो, म्हणून टेफ्लॉन टेपचे वेढे मारू नका, दिव्याचा सिग्नल बिघडू शकतो. आट्यांवर थ्रेड सीलंटचा पातळ हात पुरे.

ऑइल बदलल्या बदलल्या गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलंय का बघा. दोन रबरांवर बसलेला फिल्टर दाब आला की धारेने ऑइल सोडतो आणि इंजिन काही मिनिटांत कोरडं पडू शकतं. नव्या फिल्टरच्या रबरला ऑइलचं बोट फिरवा, रबर टेकेपर्यंत फिरवा आणि त्यानंतर हाताने साधारण पाऊण फेरा, फिल्टरवर वेगळं काही छापलं असेल तर तसं. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा. बोल्ट आवळून गळती थांबवायच्या नादात ॲल्युमिनियम चेंबरचे आटे जातात, आणि मग एका वायसरचं काम चेंबरवर जातं. डिस्ट्रिब्युटरची आणि डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग कडक होऊन चपटी झालेली असते. बोटाने दाबून दबत नसेल तर संपली.

टॅपेट कव्हर

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण. जुन्या इंजिनात गळतीची सगळ्यात नेहमीची जागा हीच. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर प्लग ट्यूबची सीलही गेलेली असतात, ती कव्हरबरोबरच बदलायची. थंड इंजिनवर काम करा, प्लगच्या वायरींना क्रमांक लावा, कव्हरभोवतीची माती आधी पुसून घ्या म्हणजे ती कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवर) पडणार नाही. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने ठोका. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तिथूनच पुढे ऑइल झिरपतं. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरडे करा. पत्र्याच्या कव्हरची बोल्टची भोकं पूर्वीच्या अतिआवळण्याने आत दबलेली असतात. लाकडी ठोकळ्यावर ठेवून ती हातोडीने सपाट केल्याशिवाय नवं पॅकिंग घालण्यात अर्थ नाही.

रबरी पॅकिंग कोरडंच बसतं. सिलिकॉन सीलंट फक्त कोपऱ्यांत, जिथे कॅमची टोपी किंवा टायमिंग कव्हर हेडला मिळतं तिथे, आणि अर्धचंद्राच्या रबरी बुचांवर. 2–3 मिलिमीटरचा ठिपका. पूर्ण कडेने नळी पिळणारे हात पाहिले की काळजी वाटते. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला निघतं, तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतं. बोल्टखालचे रबरी वायसरही नवे घाला. ते दबलेले असतील तर बोल्ट तळाला टेकतो, पण कव्हर दाबलं जात नाही. सगळे बोल्ट आधी हाताने, मग मधून कडेकडे, आलटून पालटून दोन फेऱ्यांत. 6 मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा 8–10 न्यूटन-मीटर पुरतात, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. सिलिकॉन लावलं असेल तर रात्रभर थांबून मगच इंजिन चालू करा.

क्रँक आणि कॅमची सील

क्रँक पुलीच्या (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या चाकाच्या) मागून गोलाकार ऑइल उडालेलं दिसलं तर पुढचं सील गेलंय. टायमिंग बेल्ट ऑइलने भिजला असेल तर पुसून परत वापरू नका. भिजलेला बेल्ट फुगतो, दात सोडतो, आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका. मग शाफ्टवर नख फिरवा: जुन्या लिपने (सीलच्या शाफ्टवर घासणाऱ्या कडेने) खाच पाडली असेल तर नवं सील 1–2 मिलिमीटर कमी खोल बसवा, म्हणजे लिप कोऱ्या पृष्ठभागावर चालेल. पण आधी बघा, सीलमागे ऑइलची वाट झाकली जात नाही ना. खाच जास्त खोल असेल तर पातळ रिपेअर स्लीव्ह घाला. स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. साध्या रबरी लिपला ऑइल लावून बसवतात, पीटीएफईची (टेफ्लॉनची) लिप मात्र कोरडी बसवायची असते. पाकिटावरची सूचना वाचा.

गिअरबॉक्स आणि इंजिनच्या मधल्या हाउसिंगमधून ऑइल टपकलं की क्रँकच्या मागच्या सीलचं नाव घेतलं जातं आणि गिअरबॉक्स उतरवायचं ठरतं. त्याआधी टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा आणि हेडच्या मागचं कॅम बूच हात घालून तपासा. तिथलं ऑइल ब्लॉकच्या मागून ओघळत नेमकं तिथेच येतं. वासही घ्या, गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलंय. सगळं कोरडं असूनही गळती असेल, तरच गिअरबॉक्स काढा, आणि तो खाली असताना दोन्ही सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच मजुरीत बघून घ्या. ऑइल लागलेली क्लच प्लेट धुऊन फारशी सुधारत नाही.

बाटलीतलं गळतीबंद औषध रबर फुगवतं. कडक झालेल्या सीलला थोडे महिने आधार मिळतो. फाटलेलं पॅकिंग, खाच पडलेला शाफ्ट किंवा तुंबलेला ब्रीदर यांना त्याचा उपयोग शून्य. मॅन्युअलने परवानगी दिलेल्या ग्रेडांपैकी दाट ग्रेड वापरली तर गळती थोडी मंदावते, त्यापलीकडे दाट ऑइल घालू नका, थंड इंजिनला ते वेळेत पोचत नाही.

काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून बघा, मग 50 किलोमीटरनंतर पुन्हा. कॉर्कचं पॅकिंग असेल तर पहिल्या एक-दोन गरम-थंड फेऱ्यांनंतर बोल्ट दिलेल्या टॉर्कला पुन्हा तपासतात. रबरी पॅकिंगचे बोल्ट पुन्हा आवळू नका. आणि ज्या इंजिन माउंटवर, रबरी पाइपांवर इतके दिवस ऑइल पडत होतं, ते साबणाच्या पाण्याने धुवून दाबून बघा. मऊ, फुगीर लागले तर तेही बदलायच्या यादीत.