शिसे रोखायचे, कॅडमियम उपसायचे: दूषित मातीवरचा माझा अनुभव

पूर्वी बॅटऱ्या मोडण्याचे काम चालत असलेली एक जागा माझ्याकडे आली आणि माती परीक्षणात शिसे व कॅडमियम दोन्ही निघाले, तेव्हा वनस्पतींच्या साहाय्याने ती सुधारायचे मी ठरवले. एकूण प्रमाणासोबत मुळांना उपलब्ध होणारे प्रमाणही मी प्रयोगशाळेकडून मागवले, आणि पुढचे सगळे निर्णय त्या दुसऱ्या आकड्यावरच ठरले. शिसे मातीच्या कणांना इतके घट्ट धरून असते की झाडाच्या वाट्याला त्यातले नगण्यच येते. कॅडमियम मात्र आम्लधर्मी मातीत बऱ्यापैकी मोकळे होते.

त्यामुळे एकाच जागेवर दोन उलट उपचार करावे लागले. शिशाच्या भागात चुना, कंपोस्ट आणि स्फुरद घालून वाळा लावला; तेथे धातू काढायचा नव्हता, तर धूळ उडू न देता तो जागीच अडवायचा होता. ईडीटीए हे धातूंना धरून ठेवणारे रसायन घालून शिसे विरघळवण्याचा आणि ते मोहरीकडून शोषून घेण्याचा मार्ग १९९० च्या दशकात बराच गाजला होता, पण विरघळलेले शिसे भूजलात उतरण्याचा धोका मला पत्करायचा नव्हता.

कॅडमियमच्या भागात चुना कटाक्षाने टाळला आणि मोहरी व विलोची झाडे लावली. येथे हिशेब आधीच मांडलेला बरा. हेक्टरभर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर साधारण २६०० टन भरतो. किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम धरले तर ते १३ किलो होते. किलोमागे २० मिलिग्रॅम धातू असलेला १० टन सुका पाला कापला, तरी एका कापणीत २०० ग्रॅमच बाहेर पडते. एका हंगामात जमीन शुद्ध करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब जरूर विचारावा.

नमुने घेताना मोहरीची खालची पाने विशेष जपून धुवावी लागली, कारण पावसाने उडालेली माती देठाच्या खोबणीत साचते आणि तीही झाडाने शोषलेला धातू म्हणून मोजली जाते. कापलेला पाला जनावरांना घालता येत नाही, खतात टाकता येत नाही आणि उघड्यावर जाळला तर कॅडमियम धुरात जाते. तो घातक कचरा म्हणूनच सोपवावा लागला. विलोच्या लाकडापेक्षा पानांत कॅडमियम अधिक असते, म्हणून त्याची कापणी मी पानगळ सुरू होण्याआधीच उरकून घेतो.