आमची वाटचाल : एक रफार आणि चार रीम कागद

मराठवाड्यात संगणकाविषयीचं आमचं मराठी मासिक कोण वाचणार, असं 2001 साली विचारणारे पुष्कळ होते. त्याच वर्षी एमएस-सीआयटी सुरू झालं आणि वाचक गावोगावच्या केंद्रांतून आपणहून आले. पुढची बरीच वर्षं अंक वेळेवर निघत राहिला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, पहिल्या अंकाचं. जुने लेख श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रामच्या फायलींत पडून होते. त्यातली 16 पानं युनिकोडमध्ये नेली, छापली आणि 'हार्ड डिस्क'ची 'हाड डिस्क' झाली, 'यूएसबी पोर्ट'चं 'यूएसबी पोट'. जुन्या फॉन्टमध्ये रफार हे सुटं चिन्ह, अक्षरानंतर येतं. युनिकोडमध्ये तोच 'र्' अक्षराच्या आधी साठवला जातो, म्हणजे कन्व्हर्टरला (रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) तो उचलून अक्षराआधी न्यावा लागतो. कोणतं जुनं चिन्ह म्हणजे कोणतं नवं, हे कन्व्हर्टरला सांगणारा आमच्याकडचा तक्ता दुसऱ्या फॉन्टमालिकेचा होता. त्यात रफाराच्या क्रमांकासमोर जागा कोरी, म्हणून तो गुपचूप गळाला. त्या जागी चौकोन उमटला असता तर कुणाच्याही डोळ्यांना खुपला असता. प्रूफ मात्र जुन्या प्रिंटआउटवरून तपासलं गेलं होतं. ही चूक आमचीच.

क्राउन 1/4 आकारात 20 बाय 30 इंची एका कागदावर 16 पानांचा एक फॉर्म (एकत्र छापायचा संच) बसतो. 2000 प्रती म्हणजे पाचशे कागदांचे चार रीम रद्दीत. प्लेटा नव्या, पिना काढून पुन्हा बांधणी, आणि टपालाची ठरलेली तारीख हुकल्यामुळे सवलतीऐवजी पूर्ण दराची तिकिटं. लातूर-नांदेडचे गठ्ठे एसटी पार्सलने आधीच गेले होते. गावातल्याच एका रंगीत मासिकानं 'यूएसबी पोट'चं पान मिळवून जाहिरातदारांच्या टेबलांवर फिरवलं. त्यांचे निम्मे लेख आमच्याच जुन्या अंकांतून उचललेले असत, ते मात्र कुणी फिरवलं नाही. सहा महिने जाहिराती आटल्या, कागदवाल्याची उधारी वाढली.

आता रूपांतर झालं की आधी रफार मोजतो. जुन्या फाइलमध्ये रफाराचं चिन्ह शोधायचं, रफार-अनुस्वारासारखी जोडचिन्हंही धरायची. नव्या फाइलमध्ये 'र्' शोधायचं. आकडे जुळलेच पाहिजेत. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ वेगळा मोजायचा. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराआधी असते, त्यामुळे 'स्ट्रिंग', 'क्लिक' हे शब्द मुद्दाम बघायचे. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय निवडलेला नसेल तर जोडाक्षरं तुटतात. प्रेसला पीडीएफ देताना फॉन्ट आत घातलेले हवेत.

कागदाचंही सांगून ठेवतो, कुणी विचारलं नसलं तरी. 48 पानं 70 जीएसएमवर (चौरस मीटरला 70 ग्रॅमच्या कागदावर) आणि कव्हर 130चं, तर अंक रॅपरसकट नव्वद ग्रॅमच्या आसपास राहतो. कागद 80चा घेतला की काटा शंभराशी झोंबतो आणि टपालदराचा टप्पा बदलतो. ज्यांना जाड कागदाची हौस आहे त्यांनी आधी काट्यावर रिकामा डमी अंक ठेवावा.

जाहिराती आटलेल्या त्या सहा महिन्यांत उदगीरच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या वर्गणीदारानं पाच वर्षांची वर्गणी एकरकमी पाठवली. ते प्रत्येक दुरुस्तीचा लेख टेबलावर करून बघत आणि पोस्टकार्डावर चुका कळवत. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या, लेखात पिवळी वायर 12 व्होल्ट, लाल 5, नारिंगी 3.3 एवढं आम्ही छापलं होतं. त्यांचं कार्ड आलं : मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा हे कुठे आहे? 11.4 ते 12.6 चालतं हे कुठे आहे? वाचक बिचारा 11.8 बघून चांगला सप्लाय फेकून देईल. तेव्हापासून प्रत्येक पायरीखाली 'आता काय दिसायला हवं' ही ओळ असते. ती नसेल तर लेख परत जातो, लेखक कितीही मोठा असो.