चावी फोनातच होती

हर्णैच्या बंदरात कुणी कुणाला पॉइंट सांगत नाही. पॉइंट म्हणजे मासळी हमखास लागते ती जागा, जीपीएसवर नोंदलेली. म्हणून पॉइंट जपून ठेवणाऱ्या आमच्या अ‍ॅपला सगळ्यांचा डेटा एकत्र साठवणारा सर्व्हर नको, ही नौकावाल्यांची अटच होती. "तुलासुद्धा दिसता कामा नये," तांडेलकाका म्हणाले होते. (तांडेल म्हणजे नौकेचा कप्तान.)

मला तेच हवं होतं. 2023मध्ये वेलिड, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवाय चालणारी अ‍ॅप बनवायची चौकट, आलं तेव्हापासून हात शिवशिवत होते. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, आणि प्रत्येक फोन हाच नेटवर्कचा नोड, म्हणजे जाळ्यातली एक गाठ. खरी झटापट मोबाइल डेटाशी झाली. कंपन्या ढीगभर ग्राहक इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे (आयपी) कोंबतात. त्यामुळे जेटीवर शेजारी उभ्या दोघांचे फोनही बऱ्याचदा एकमेकांना थेट सापडत नाहीत, मध्ये तिसरा नोड घालून डेटाची पाकिटं फिरवावी लागतात. त्या तिसऱ्याची बॅटरी उतरली की शिव्या मला! तेही जमवलं. प्रत्येकाची नोंद त्याच्याच फोनातल्या गुप्त डिजिटल चावीने कुलूपबंद, आणि तिच्या प्रती आणखी तीन नौकांच्या फोनांत.

1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली. त्याच आठवड्यात मासळी होडीत उतरवताना काकांचा फोन पाण्यात पडला. खलाशाने बुडी मारून काढला आणि दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. (ही तांदळाची अक्कल कुणी पसरवली कोण जाणे.) मी उघडला तेव्हा बोर्डावर हिरवा गंज चढला होता.

"नव्या फोनवर चालू करून दे."

"चावी यातच होती, काका."

"तुझ्याकडे नाही?"

"नाही."

"मग पॉइंट गेले?"

इथे मी अडखळलो. गेले नव्हते. ज्यांच्यापासून लपवायचे, त्या तीन नौकांवर ते शाबूत होते. फक्त आता कुणालाच उघडणार नव्हते.

तशी सोय ठेवली होती मी. चावी परत मिळवायचे 24 शब्द, वहीत उतरवून घ्यायचे. पण हे शब्द ज्या 2048 शब्दांच्या प्रमाण यादीतून येतात, ती इंग्रजी, जपानी, अगदी झेकमध्येही आहे, मराठीत नाही. काकांनी इंग्रजी शब्दांची ती रांग पाहिली आणि खालचं 'नंतर' दाबलं. ते बटण मीच ठेवलं होतं.

"दोन हंगामांचे होते रे," एवढंच म्हणाले, आणि फोन परत पिशवीत घातला.

'नंतर' मी काढून टाकलं. आता तांडेल त्याच पडद्यावर अडकतात आणि फोन घेऊन माझ्याकडे येतात: "हे तूच लिही, आणि तुझ्याकडेच ठेव."