फजितीची धाकटी बहीण

शुक्रवार, रात्र

उद्या सुट्टी. म्हणजे उद्या रॅम्पवर, बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, रांग, आणि रांग आली की प्रेक्षक आलेच. हौशी बोटवाल्यांच्या बहुतेक फजित्या खोल पाण्यात होतच नाहीत. त्या होतात काठावर, पाणी गुडघाभर असताना आणि मागे चार गाड्या ताटकळलेल्या असताना. खोल पाण्यात माणूस जपून असतो, काठावर त्याला घाई असते. त्यातही पहिली चूक सहसा स्वस्तात सुटते. ती कुणाला दिसू नये म्हणून जी धडपड होते, तिच्यातून दुसरी जन्मते आणि खर्च असतो तो तिचा. ही फजितीची धाकटी बहीण.

सगळ्यांत बदनाम चूक बुचाची. बोटीच्या मागच्या भिंतीत, अगदी तळाशी, साधारण २५ मिलिमीटर व्यासाचं भोक असतं. बोट ट्रेलरवर असताना पावसाचं आणि धुण्याचं पाणी निघून जावं म्हणून ते ठेवलेलं असतं. बूच न लावता बोट पाण्यात गेली की तेच भोक उलट वाहू लागतं. ते पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटर असेल तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. पहिली पाच मिनिटं कुणाला पत्ताही लागत नाही, कारण पाणी आधी पायांखालच्या फरशीच्या पोकळीत साठतं. पाय ओले होईपर्यंत दोनशे लिटर आत आलेलं असतं. बोट तेवढी खाली बसलेली असते, म्हणून पाणी आणखी जोरात येतं.

तळातला छोटा पंप आहे ना, असं वाटतं. त्याच्यावर 'तासाला १,९०० लिटर' असं छापलेलं असतं, म्हणजे मिनिटाला जेमतेम बत्तीस. तेही पाणी वर चढवायचं नसताना आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना. नळीची उंची, वळणं आणि वायरीत होणारी विजेच्या दाबाची घट धरली की प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी पडतं. हिशेब सरळ आहे, पंप हरतो. पण 'कुणाला कळायच्या आत उपसून टाकू' म्हणून माणूस पंप लावून तिथेच उभा राहतो. तीच धाकटी बहीण. ट्रेलर पाण्यात असेल तर ओरडून थांबवायचं आणि बोट परत चढवायची. ट्रेलर वर गेला असेल तर भोकात चिंधी कोंबून बोट उथळ वाळूवर टेकवायची. हसतील लोक, हसू देत.

बूच लावलं तरी ते नीट बसलंय का ते बघावं लागतं. आट्यांचं बूच तिरकं चढतं. रबरी फुगणाऱ्या बुचाची कळ सहज पडत असेल तर रबर फुगलेलंच नाही असं समजावं आणि नट आणखी आवळावा. कळ पाडायला अंगठ्याचा जोर लागला पाहिजे.

शनिवार, पहाटे

रॅम्पवरच्या बाकीच्या गमती म्हणजे क्रमाचा घोटाळा असतो. मागचे पट्टे सोडायचे राहतात, बोट तरंगायला लागते आणि पट्ट्यांसकट ट्रेलरलाही उचलू बघते. उलट नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडचा, विंचचा (ओढून घ्यायच्या चक्राचा) पट्टा आणि साखळी कोरड्यातच सोडली की उतारावरच्या रुळांवरून बोट घसरते आणि काँक्रीटवर बसते. मागचे पट्टे वर, मोकळ्या जागेत सोडायचे. पुढची साखळी मात्र बोटीची मागची बाजू तरंगल्याशिवाय सोडायची नाही. आणि ती सोडण्याआधी नाळेला बांधलेला लांब दोर कुणाच्या तरी हातात हवा. दोर नसला की बोट सुबकपणे तरंगत निघून जाते, मालक काठावर आणि किल्ली त्याच्या खिशात. मग कुणीतरी कपड्यांसकट उडी मारतो. थंड पाण्यात ती उडी जिवावर बेतू शकते.

बूच, सामान, दोर, फेंडर (धक्का झेलायला बाजूला टांगायच्या गाद्या), इंधनाची नळी, बॅटरीचा स्विच, हे सगळं रांगेत शिरण्याआधी झालेलं असावं. रॅम्पवर उभं राहून तयारी करणाऱ्याला जे ऐकून घ्यावं लागतं, ते त्याने ऐकूनच घ्यावं.

गाडी मागे घेताना ट्रेलर उलटा वळतो म्हणून लोक गोंधळतात. सोपा उपाय असा: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवायचा, तोही थोडा थोडा. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा लवकर दुमडतो. दुमडायला लागला की जोर न लावता पुढे जाऊन सरळ करायचा. दिव्यांचा प्लग पाण्यात जाण्याआधी काढायचा. इंजिन वर उचललेलं हवं, नाहीतर त्याचं खालचं पातं रॅम्प खरवडत जातं.

लांबून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालणं ही दिसत नसलेली चूक. चाकांचे हब तापलेले असतात. थंड पाण्यात आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं आणि पुढे कधीतरी चाक रस्त्यातच जाम होतं. वीस मिनिटं थांबावं, तोवर तयारी होते.

शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी करण्याआधी मात्र मान वर करून विजेच्या तारा बघाव्यात. ॲल्युमिनियमची काठी तारेला लागली तर ती फजिती नव्हे.

शनिवार, रात्र

बोट धक्क्याला लावणं. इथे तर गॅलरीच भरलेली असते.

मुळातली अडचण अशी की बोटीला ब्रेक नसतो, आणि ती गाडीसारखी पुढून वळत नाही. सुकाणू फिरवलं की मागची बाजू बाहेर फेकली जाते. आउटबोर्डला, म्हणजे मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाला, तर पाण्यातला पंखा फिरत नसेल तेव्हा वळण जवळजवळ नसतंच. म्हणून आधी चाक फिरवायचं, मग गिअर. एक-दोन सेकंद गिअरमध्ये, पुन्हा न्यूट्रल. वारा किंवा प्रवाह यांतलं जे जोरात असेल त्याच्या तोंडावर यायचं. तोच तुमचा ब्रेक. बोटीत बसवलेलं इंजिन असेल आणि पंखा उजव्या फिरकीचा असेल तर रिव्हर्स टाकताच मागची बाजू डावीकडे ओढली जाते. हे माहीत नसेल तर दर वेळी नशिबाला दोष देणं होतं. माहीत असेल तर डावी बाजू धक्क्याकडे ठेवून पंधरा-वीस अंशांच्या कोनात यायचं आणि शेवटी थोडा रिव्हर्स. बोट आपणहून धक्क्याला लागते.

आता धाकटी बहीण. वेग जास्त आहे असं दिसलं की कुणीतरी हात किंवा पाय मध्ये घालतो. दीड टनाची बोट २ नॉटने, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने येत असेल आणि तिला १० सेंटिमीटरांत थांबवायचं असेल, तर सरासरी साडेसातशे-आठशे किलो वजनाइतका जोर लागतो. रंग खरवडला तर खरवडू दे. मध्ये जायचं ते फेंडरने. आणि फिरून पुन्हा यायला कुणाची बंदी नसते. जरासं चुकतंय असं वाटताच पुन्हा पाण्यात जाणारा माणूस बघणाऱ्यांना मुरलेला वाटतो, हेही खरं.

निघतानाच्या गमती वेगळ्या. किनाऱ्यावरची विजेची केबल जोडलेलीच राहते. मागचा एक दोर सुटत नाही आणि बोट त्याच्याभोवती गिरकी घेते. फेंडर दिवसभर बाजूला लोंबत राहतात. मागे छोटी होडी ओढत असाल तर रिव्हर्स टाकण्याआधी तिचा दोर आखूड करायचा, नाहीतर तो स्वतःच्याच पंख्यात जातो. नायलॉन बुडतो, पॉलिप्रॉपिलीन तरंगतो. म्हणून हा दोर तरंगणारा बरा. नांगराला मात्र नायलॉनच, कारण तो ताणला जातो आणि झटके पचवतो.

रविवार

भरतीला आखूड बांधलेली बोट ओहोटीला धक्क्यावर टांगलेली दिसते, तेव्हा सगळे फोटो काढतात. तरंगत्या धक्क्यावर ही भीती नाही, पक्क्या धक्क्यावर आहे. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांत पडणारा फरक ढोबळमानाने बारा भागांत वाटायचा: १, २, ३, ३, २, १. फरक ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात फक्त २५ सेंटिमीटर उतरतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी ७५ सेंटिमीटर, मिनिटाला सव्वा सेंटिमीटर.

वाळूत रुतलेल्याने हेच गणित आधी करायचं असतं. ओहोटीच्या तिसऱ्या तासात रुतलात तर सहा मिनिटं वाद घालण्यात साडेसात सेंटिमीटर पाणी गेलेलं असतं. पण घाबरून पुढे रेस करणं त्याहून वाईट. इंजिन थंड करायला जे पाणी ओढलं जातं त्यात वाळू जाते, पंपाचं रबरी चक्र झिजतं, वाटा बुजतात. इंजिन बंद करून आधी आत पाणी येतंय का ते पाहायचं. मग आउटबोर्ड उचलायचं, माणसांनी मोकळ्या पाण्याच्या बाजूला सरकायचं आणि ज्या वाटेने आलो त्याच वाटेने बोट ढकलायची. उधाणाच्या ऐन भरतीला वर चढून बसलेली बोट मात्र पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा दिवस, तिथेच राहू शकते. भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी भरतीच्या, दिवसांत रुतलेला त्या मानाने सुदैवी, पुढच्या भरत्या चढत्याच असतात.

नांगराच्या दोन चुका आहेत. एक दिसते: दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलंच नसतं आणि नांगर, साखळी, दोर सगळं तळाला. दुसरी तासाभराने कळते, शेजारच्या बोटीवर जाऊन आदळल्यावर. दोर कमी सोडलेला असतो. खोली ५ मीटर, नाळेची उंची १ मीटर, मिळून ६. साखळी थोडी आणि बहुतांश दोर असेल तर सातपट, म्हणजे ४२ मीटर. भरतीने पाणी २ मीटर चढणार असेल तर ५६. दोर आखूड असला की ओढ वरच्या दिशेने येते आणि नांगर उपटतो. आणि नांगर नेहमी नाळेकडून टाकायचा. मागून टाकला तर मागच्या बुटक्या भिंतीवरून लाट थेट आत येते.

सोमवार

राहिलेलं थोडक्यात. इंजिन धक्क्यावर छान सुरू होतं, दहा मिनिटांत वाटेतच बंद पडतं आणि इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला असतो: सुट्या टाकीच्या झाकणावरची हवेची चकती उघडायची राहिली आहे. बहुतेक आउटबोर्डवर स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नसेल तर बंद-दोरीची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या दोरीची) लाल क्लिप बघायची. स्टार्टरच फिरत नसेल तर गिअर न्यूट्रलला आहे का ते. ओढून आणायला दुसरी बोट बोलावण्याआधी एवढं पाहावं.

गळ ठेवायची नळी आणि इंधनाचं तोंड शेजारी शेजारी असतात, आणि कधी पेट्रोल नळीत जातं. तिथून तळात. हसण्याची वेळ तिथे संपते. कुठलाही स्विच दाबायचा नाही, पंपही नाही, हवेचा पंखाही नाही. सगळ्यांनी उतरायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळातच बसून राहते. बोटीत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर एरवीही सुरू करण्याआधी चार मिनिटं हवा खेचणारा पंखा लावून मग वास घ्यायचा.

बोट परत ट्रेलरवर आली की बूच काढायचं, म्हणजे तळातलं पाणी निघून जातं. काढलेलं बूच खणात टाकायचं नाही. इंजिनच्या किल्लीच्या कडीत अडकवायचं. हत्यारांच्या डब्यात आणखी एक असू द्यावं.