तुम्ही विचारलंत म्हणून: अत्तरातली व्हॅनिला खरी का?

गोव्यातल्या फोंड्यात घरीच मी अत्तरं करते. व्हॅनिलाची बाटली हुंगली की बहुतेक जण विचारतात, "ह्यात खरी शेंग आहे का नुसता इसेन्स?"

दोन्ही आहे. शेंगेचा अर्क थोडा, कारखान्यातलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं मुख्य द्रव्य, जास्त.

इथल्या सावईवेऱ्याकडच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, पोफळीच्या सावलीला व्हॅनिलाची वेल चढवलेली दिसते. हे मूळचं मेक्सिकोचं ऑर्किड. फूल उमलतं एकाच सकाळी, आणि तेवढ्यात कुणीतरी काडीने, हाताने परागीभवन करावं लागतं. ही रीत 1841 मध्ये रियुनियन बेटावर एदमों आल्बियुस या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. आजही शेंगा त्याच रीतीने धरतात, म्हणून त्याचं नाव मी आवर्जून सांगते.

एवढं करून हिरवी शेंग हुंगाल तर वास काहीच नाही! ती गरम पाण्यात बुडवायची, कापडात गुंडाळून घाम काढायचा, उन्हात वाळवायची, मग पेटीत महिनोन्महिने मुरवायची. साखरेशी जखडलेलं व्हॅनिलिन तेव्हा कुठे मोकळं होतं. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची जेमतेम किलोभर होते. तिचा भाव का चढा, हे वेगळं सांगायला नको.

व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार झालं 1874 मध्ये, जर्मनीत, सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या एका द्रव्यापासून. रेणू तोच, जो शेंगेत असतो. त्यामुळे त्याला खोटं म्हणणं मला पटत नाही. गेर्लँ या फ्रेंच अत्तरवाल्यांचं 1889 चं 'जिकी' हे अत्तर त्याच्यावर उभं राहिलं. त्यांच्याच 1925 च्या 'शालिमार'मध्ये तर इथाइल व्हॅनिलिन आहे, जे शेंगेत सापडतही नाही आणि वासाला कितीतरी तीव्र असतं. पण शेंगेत व्हॅनिलिनखेरीज शेकडो द्रव्यं असतात. धूर, कातडं, मनुका, ओलं लाकूड, हे सगळं तिथून येतं. निव्वळ व्हॅनिलिनचा वास गोड आणि सपाट. त्यात अर्काचे चार थेंब पडले की त्याला खोली येते.

अत्तरात व्हॅनिला तळाशी बसते. लिंबू, मोगरा उडून गेला तरी ती कातडीवर रेंगाळते. सुकलेल्या ओवळांचा, म्हणजे बकुळीच्या फुलांचा, वळेसर (गजरा) कपाटात ठेवल्यावर जसा दरवळत राहतो, तशी. आपल्या दमट उकाड्यात मात्र जास्त झाली तर डोकं धरतं, म्हणून उन्हाळ्यात मी हात आखडता घेते.

एकदा शेजारच्या बारशासाठी पांढरेशुभ्र साबण केले होते. पंधरवड्यात चहाच्या रंगाचे झाले. बाळाच्या आजीला वाटलं, इसेन्स वापरला म्हणून. तसं नव्हे. व्हॅनिलिन शेंगेतलं असो वा कारखान्यातलं, साबणात तपकिरी होतंच. अत्तरही काळाने गडद होतं. तुमची बाटली तशी झाली तर टाकू नका, आधी हुंगून बघा.