बोरॉनचा ठिपका

तास सुरू होण्याआधीच विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर सहा मूलद्रव्यं उलटसुलट लिहून ठेवली होती. ऑक्सिजन ६६, बोरॉन ८८, लिथिअम १५२, नायट्रोजन ७४, बेरिलिअम १११, कार्बन ७७. या अणुत्रिज्या, पिकोमीटरमध्ये. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. "उतरत्या क्रमाने लावा," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

लावून झाल्यावर वर्गात कुजबुज सुरू झाली. तीन इलेक्ट्रॉनांचा लिथिअम सगळ्यांत मोठा आणि आठांचा ऑक्सिजन सगळ्यांत लहान? इलेक्ट्रॉन वाढले की अणू फुगणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. बाईंनी आम्हाला बोलू दिलं, पुरतं बोलू दिलं, आणि मग सांगितलं: या आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, येणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवतीच्या त्याच कवचात बसतो, नवं कवच उघडत नाही. केंद्रकात मात्र दर वेळी एक प्रोटॉन वाढतो, ओढ वाढते, कवच आत खेचलं जातं. गणात, म्हणजे उभ्या रकान्यात, खाली उतरताना नवं कवच उघडतं, म्हणून लिथिअमपेक्षा सोडिअम मोठा आणि सोडिअमपेक्षा पोटॅशिअम. त्या दिवसापासून आवर्तसारणी मला पाठ करावी लागली नाही.

पुढच्या आठवड्यात आयनीभवन ऊर्जा आली. वायुरूपातल्या अणूपासून सगळ्यांत सैल इलेक्ट्रॉन तोडायला लागणारी ऊर्जा. आमच्या पुस्तकात ती नव्हतीच, पण बाईंना राहवलं नाही. एवढ्या आकड्यांचा उपयोग काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांची गोष्ट सांगितली. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन काढून घेतं, हे त्यांना दिसलं होतं. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीभवन ऊर्जा मोलमागे सुमारे ११७५ किलोज्यूल, झेनॉनची ११७०. मग झेनॉन का नाही? १९६२ साली त्यांनी ते दोन वायू एकत्र आणले आणि कधीच संयोग न पावणारा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या झेनॉनचं संयुग हाती आलं. एवढं सांगून बाई क्षणभर गप्प झाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता, हे मला अजून आठवतं.

मग आयनीभवन ऊर्जेचे आठ आकडे दिले: लिथिअम ५२०, बेरिलिअम ९००, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१. आलेख घरून काढून आणायचा होता. अणू लहान होत जातो, तर ऊर्जा चढतच जाणार, हे मला कळलं होतं. म्हणून बोरॉन आणि ऑक्सिजन खाली घसरले तेव्हा वाटलं, उतरवून घेताना आपलंच चुकलं. बोरॉनचा ठिपका खोडला आणि ९९० च्या आसपास नेला, ऑक्सिजनचा १५४० ला. रेषा सुरेख चढत गेली.

बाईंनी वही बघितली. रागावल्या नाहीत. खोडलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा ठिपका कुणी मोजलाय, बाळ? तो कुठे आहे हे तू नाही ठरवायचंस." मी दोन्ही ठिपके पुन्हा खाली आणले. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी शिकशील. शिकलीस की येऊन मला सांग."

अकरावीत उपकवचं, म्हणजे एकाच कवचातले कप्पे, शिकले आणि त्याच संध्याकाळी शाळेत गेले. बेरिलिअमचा इलेक्ट्रॉन २एस या उपकवचातून काढावा लागतो. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन २पी मध्ये, म्हणजे जरा वरच्या ऊर्जापातळीवर असतो, शिवाय २एस मधले दोन त्याच्यापुढे थोडा आडोसा धरतात, म्हणून तो सहज सुटतो. बाई ऐकत होत्या. "आणि ऑक्सिजन?" नायट्रोजनचे तीन २पी इलेक्ट्रॉन तीन कक्षकांत, म्हणजे दोघांपुरत्या जागांत, एकेकटे असतात. ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी जोडीला बसावं लागतं. एकाच कक्षकातले दोघे एकमेकांना दूर लोटतात, म्हणून एक निघणं सोपं.

शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. बाईंनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं आणि दोन आकडे दाखवले. ॲल्युमिनिअम ५७८, त्याच्या खालचं गॅलिअम ५७९. गणात खाली उतरलो, नवं कवच उघडलं, तरी ऊर्जा कमी झाली नाही. "आता हे," त्या म्हणाल्या.

याचं उत्तर मला पदवीच्या वर्गात मिळालं. गॅलिअमच्या आधी स्कँडिअमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यं येऊन जातात. त्यांचे दहा इलेक्ट्रॉन आतल्या ३डी मध्ये भरतात आणि ते केंद्रकाची ओढ फारशी अडवत नाहीत. केंद्रकावरचा प्रभार १३ वरून ३१ वर गेलेला असतो, आणि त्याची ओढ बाहेरच्या इलेक्ट्रॉनला अपेक्षेपेक्षा जास्त जाणवते. हे कळलं तेव्हाही मी शाळेत गेले. बाई नववीच्या वर्गावर होत्या. तास संपेपर्यंत मी दाराबाहेर उभी राहिले.